सहा खेपा आणि शंभर कौलं

खानापुरात, तालुक्याच्या शाळेत, वरच्या हॉलमध्ये
आम्ही एकोणतीस मास्तर-बाई, गुडघे न मावणाऱ्या बाकांवर.
चहा अजून आलेला नाही.
तिगडी मॅडम हुक्केरीच्या, बोलतात कन्नडातून,
अडलं की लुमाण्णा गुरव मराठीत उलथतो
आणि मधेच स्वतःचे चार शब्द घुसडतो.

मॅडमनी खडू घेतलाच नाही.
खिडकीकडं बोट केलं. गज आडवे, गज उभे,
चार ओळी, ओळीत चार घरं.
"ह्यात चौरस किती?"

"सोळा," मी म्हटलं.
तेवीस वर्षं गणित शिकवतोय,
सोळा म्हणायला मला श्वासही लागला नाही.
मॅडम चूक म्हणाल्या नाहीत, बरोबरही नाही.
नुसतं विचारलं, "आणखी?"

कान तापले.
मग नंदगडच्या घाडी बाईंनी हवेत बोट फिरवून
चार लहानांचा एक मोठा काढला,
आणि हॉलभर "अय्यो" झालं.
सतरा. एकवीस. कुणी तेच तेच तीनदा मोजलं.
मी वहीच्या मागच्या पानावर, डाव्या हातानं झाकून,
शेजारच्या बिर्जे सरांना दिसू नये म्हणून झाकून,
पोरं झाकतात तसं.
तीस यायला जेवणाची सुट्टी झाली.

दुपारी पेपर वाटले, नावं कातरून.
माझ्या हातात आलेला मी लगेच ओळखला.
'ळ'चा पाय खालच्या ओळीत घुसवणारा
आमच्या शाळेत एकच, पाचवीतला भैरू.

गाडीत मावतात दीडशे कौलं.
हजार कौलं न्यायला खेपा किती?
भैरूनं लिहिलंय:
सहा खेपा आणि शंभर कौलं उरली
ती काका डोक्यावरनं आणतील.
खाली लाल शून्य.
शून्याचं शेपूट माझं.

कुणाला सांगितलं नाही.
फळ्यावर सगळ्यांचे गुण चढले:
शून्य, शून्य, दोन, एक, एका बाईंचे चार.
"उत्तर चुकलं म्हणजे चुकलं," लुमाण्णा कन्नडातही म्हणाला, मराठीतही.
"भागाकार करून बघा की त्याचा," बिर्जे सर.
"मग सातवी खेप कुठं गेली?"
"काकाच्या डोक्यावर."
हसण्यात पाच मिनिटं गेली.

घाडी बाई हसल्या नाहीत.
त्यांच्या सासऱ्यांची कौलांची भट्टी होती.
"एक कौल दोन किलोचं. शंभर म्हणजे दोन क्विंटल.
कुठल्या काकाला झेपतंय?
पोरगं तिथं चुकलंय. भागाकारात न्हाई."

मॅडमनी दिलेल्या तक्त्यात चार घरं होती:
प्रश्न कळला, वाट सापडली, हिशेब जमला,
उत्तर जगात धरून पाहिलं.
तीन मी भरली.
चौथ्यापाशी पेन घेऊन बसून राहिलो,
खालून जांबोटीची बस दोनदा हॉर्न देऊन गेली.

सोमवारी शाळेत भैरूला बोलावलं.
"ह्यांग विचार माडिदी?" असं मॅडम विचारायच्या,
इतक्या मऊ, की उत्तर द्यावंसं वाटायचं.
मी माझ्या परीनं म्हटलं,
"हे कसं काढलास रे?"

भैरू खिशात रबर शोधायला लागला.

तेवीस वर्षांत 'कसं' हा शब्द
मी फक्त चुकल्यावरच काढलाय तोंडातनं.
"चुकलंय काय, गुरुजी?"

आमच्याकडं 'पण'ला 'खरं' म्हणतात.
पुण्याच्या पाहुण्यांना याचं हसू येतं,
बोलणारा कबूल करतोय की अडवतोय, कळत नाही त्यांना.

"सहा बरोबर हाईत," मी म्हटलं. "खरं..."

रबर हातात तसंच राहिलं.

"खरं, एक कौल उचलून बघितलास काय कधी?"

भैरूनं मान वर केली, शाळेच्या छपराकडं.
ओठ हलत होते.
मी गप्प उभा राहिलो.
किती वेळ, ते मोजलं नाही.